‘कर्तव्यच्युत’ की ‘फरारी’? नोटिशीतला शब्द नीट वाचा

प्रश्न विक्रोळीच्या एका तरुणाचा आहे. त्याचे वडील एका एजन्सीमार्फत गोदामावर रखवालदार आहेत. रात्रपाळीत पहाटे साडेचारला घरून फोन आला, आईच्या छातीत दुखायला लागलं होतं. रिलीव्हर, म्हणजे पाळी बदलायला येणारा रखवालदार, सातला येणार होता. वडिलांनी सुपरवायझरला फोन केला, चाव्या पाळीवरच्या जोडीदाराच्या हातात दिल्या आणि निघाले. आई सहा दिवस रुग्णालयात होती. सातव्या दिवशी ते कामावर गेले, तर गेटवरूनच परत पाठवलं. पंधरा दिवसांनी नोटीस आली: ‘आपण कर्तव्यच्युत होऊन फरारी झालात, सबब आपण स्वखुशीने नोकरी सोडली असे समजण्यात येत आहे.’ मुलगा विचारतो, ‘ताई, कर्तव्यच्युत म्हणजे नेमकं काय? कामचुकार? पळपुटा? शब्दकोश उघडला तर सगळे एकाच माळेचे मणी वाटतात. बाबा तो शब्द वाचून दोन दिवस नीट जेवलेले नाहीत.’

मी गेली २६ वर्षं मुंबईत खातेचौकशीत, म्हणजे मालक कामगारावरच्या आरोपांची करतो त्या चौकशीत, कामगारांच्या बाजूने बचाव प्रतिनिधी म्हणून बसते. त्याआधी कामगार न्यायालयातल्या कागदांचे अनुवाद करत होते. त्यामुळे असले शब्द मला रोज भेटतात, आणि त्यांनी माणसाचं काय होतं तेही मी पाहिलं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुमच्या वडिलांना सांगा की त्या नोटिशीत तीन वेगवेगळे आरोप आहेत. ‘कर्तव्यच्युत’ हा एक, ‘फरारी’ हा दुसरा आणि ‘स्वखुशीने नोकरी सोडली’ हा तिसरा. लिहिणाऱ्याने तिन्ही एका दमात लिहिले म्हणून ते एक होत नाहीत. उलट ते एकमेकांना काट मारतात. जो स्वखुशीने नोकरी सोडतो त्याला फरारी व्हायची गरजच नसते.

‘च्युत’ म्हणजे ढळलेला, खाली आलेला, गळून पडलेला. विष्णूचं ‘अच्युत’ हे नाव याच धातूपासून आलं, जो आपल्या जागेवरून ढळत नाही तो. मराठीत हा शब्द दोन तऱ्हेने येतो. ‘पदच्युत’ किंवा ‘राज्यच्युत’ माणसाला दुसऱ्या कोणीतरी खाली आणलेलं असतं. ‘कर्तव्यच्युत’ माणूस मात्र आपला आपण ढळलेला असतो. अर्थाने पाहिलं तर शब्द तसा मोजका आहे. तो फक्त एवढंच म्हणतो की जे करायचं होतं त्यापासून हा सरकला. का सरकला, घाबरून, आळसाने, लोभाने, की घरी कोणी मरणाच्या दारात होतं म्हणून, याबद्दल त्या शब्दात अवाक्षर नाही. तरी तो कानाला जड लागतो, कारण संस्कृत शब्द लेटरहेडवर आला की निकाल लागल्यासारखा वाटतो. तुमच्या वडिलांना लागलं ते बहुधा हेच.

आता त्या शब्दाचा पहिला भाग पाहा, खरी मेख तिथे आहे. कर्तव्य म्हणजे जे करायला हवं ते. रखवालदाराने काय करायला हवं? गोदाम राखणीशिवाय राहू देऊ नये. खुर्चीत बसून राहणं हे त्यासाठीचं साधन झालं. तुमच्या वडिलांनी खुर्ची सोडली, पण चाव्या जोडीदाराला दिल्या आणि वरिष्ठाला कळवलं. म्हणजे जागा सोडली. गोदाम वाऱ्यावर सोडलं नाही. मराठीत आपण ‘जागा सोडली’ आणि ‘वाऱ्यावर सोडलं’ या दोन गोष्टी सहज वेगळ्या करतो, पाचवी शिकलेली बाईसुद्धा करते. नोटीस लिहिणाऱ्याने त्यांचा एक गोळा करून वर संस्कृतचा मुलामा दिला आहे.

तुम्ही ज्या शब्दांची नावं घेतली ते जरा वेगळ्या जातीचे आहेत. कामचुकार माणूस कामावर येतो. नुसता येत नाही, मस्टरवर सही करतो, पाळी भरतो, पगार घेतो. काम तेवढं चुकवतो. ‘अंगचोर’ही तसाच, ओझं उचलायच्या वेळी स्वतःचं अंगच चोरून घेणारा. हे दोन्ही शब्द हजर माणसाबद्दलचे आहेत. जो मुळात जागेवर नव्हता त्याला कामचुकार म्हणणं हा भाषेचाच घोटाळा आहे, आणि असे घोटाळे मी दोषारोपपत्रांत वर्षानुवर्षं पाहते आहे. ‘२७ दिवस विनापरवानगी गैरहजर राहून कामचुकारपणा केला’ असं एका कागदात होतं. चौकशीत मी एवढंच विचारलं की या २७ दिवसांत त्यांना कोणतं काम दिलं होतं आणि ते त्यांनी कसं चुकवलं. मालकाची बाजू मांडणारा सादरकर्ता अधिकारी बराच वेळ कागद चाळत राहिला. त्या दिवशी मला पुन्हा पटलं की चुकीचा शब्द हा आरोपातला खराखुरा दोष असतो, नुसती शुद्धलेखनाची चूक नव्हे.

‘पळपुटा’ हा शब्द मात्र वाईट. तो माणसाच्या कृतीवर थांबत नाही, स्वभावावर जातो. एकदा पळाला तो पळाला. पळपुटा म्हणजे ज्याच्या रक्तातच पळणं आहे तो. शिवाय त्यात भीती गृहीत धरलेली असते. ‘काढता पाय घेतला’, ‘पोबारा केला’, ‘धूम ठोकली’, ‘कच खाल्ली’ यांतसुद्धा कमीअधिक हेच आहे, पण ती क्रियापदं आहेत, एका प्रसंगापुरती. कच खाल्लेला माणूस पुढच्या वेळी छाती काढून उभा राहू शकतो. पळपुट्याला भाषा ती संधी देत नाही. म्हणून मी कुठल्याही कागदात, विरुद्ध बाजूच्या माणसाबद्दलसुद्धा, हा शब्द लिहीत नाही. लिहायचंच असेल तर ‘निघून गेला’ लिहावं. त्यात माणूसही राहतो आणि घटनाही राहते.

भीतीचा विषय निघाला म्हणून गीतेतला एक श्लोक सांगते. दुसऱ्या अध्यायातला पस्तिसावा: ‘भयाद्रणादुपरतं मंस्यन्ते त्वां महारथाः’. तू भीतीने रणातून मागे सरलास असं हे महारथी मानतील, असं कृष्ण अर्जुनाला सांगतो. यातला ‘उपरत’ शब्द पाहा. त्याचा अर्थ फक्त थांबलेला, मागे सरलेला. त्याच्यावर काळिमा नाही. इतका नाही की त्याच शब्दाचं भावंड मराठीत ‘उपरती’ म्हणून आलं आणि आपण ते चांगल्या अर्थाने वापरतो, वाईट मार्गावरून मन मागे फिरणं. श्लोकात लाज आणणारा शब्द ‘भयात्’ हा आहे. आणि त्याहून महत्त्वाचं क्रियापद ‘मंस्यन्ते’, ते मानतील. अर्जुन गांडीव टाकून बसला तो आप्तांच्या मायेने, हे पहिल्या अध्यायात सगळं आलेलं आहे. भीती ही बाहेरून बघणाऱ्यांनी त्याच्या नावावर लिहिलेली असती. मागे सरणं डोळ्यांना दिसतं, कारण दिसत नाही. मग बघणारा त्या रिकाम्या जागी स्वतःच्या मनातलं कारण भरतो आणि तोच शब्द होऊन कागदावर उतरतो. माझ्या कामात मी रोज हेच सोडवत बसते.

जाता जाता, ‘रणछोडदास’ हा शब्दही काही लोक चिडवायला वापरतात. मुंबईत तरी वापरू नये. आपल्या शेजारच्या गुजराती कुटुंबांत ‘रणछोड’ हे देवाचं नाव आहे. जरासंधाच्या स्वाऱ्यांना तोंड देताना मथुरा सोडून द्वारका वसवणाऱ्या कृष्णाचं हे नाव, डाकोरला त्याचं मोठं मंदिर आहे. रण सोडणं हे लोकांना वाचवण्यासाठीही असू शकतं, हे त्या नावाने कधीच मान्य केलेलं आहे.

आता ‘फरारी’. हा अरबीतून फारसीवाटे आपल्याकडे आला आणि पोलीस-कचेरीत रुजला. वर्तमानपत्रात ‘आरोपी फरार’ असं आपण वाचतो. कायद्याच्या भाषेत त्याला ठरलेली वाट आहे. न्यायालयाने वॉरंट काढलं, आणि ते बजावता येऊ नये म्हणून माणूस दडून बसला किंवा पळाला असं न्यायालयाला वाटलं, तर त्याच्या नावाने उद्घोषणा निघते आणि हजर व्हायला किमान ३० दिवसांची मुदत मिळते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ८२ होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ८४ आहे. तुमच्या वडिलांविरुद्ध गुन्हा नाही, वॉरंट नाही, ते स्वतःच्या घरात राहत होते आणि सातव्या दिवशी स्वतःच्या पायांनी गेटवर गेले. अशा माणसाला मालकाने ‘फरारी’ लिहिणं हे शब्दाच्या अर्थात कुठेच बसत नाही. हिंदी वाहिन्यांमुळे हल्ली मराठीत ‘भगोडा’ही शिरला आहे, विशेषतः कर्ज बुडवून परदेशी गेलेल्यांबद्दल. त्यासाठी ‘फरारी’ आणि ‘परागंदा’ हे आपले शब्द पुरेसे आहेत. ‘परागंदा’त देश किंवा मुलूख सोडून जाणं आलं, ते तुमच्या प्रकरणात यायचं कारणच नाही.

तिसरा भाग, ‘स्वखुशीने नोकरी सोडली असे समजण्यात येत आहे’, हा सगळ्यात साधा दिसतो आणि सगळ्यात घातक आहे. कारण तो खरा धरला तर चौकशी नको, शिक्षा नको, नुकसानभरपाई नको. माणूस आपण होऊन गेला, विषय संपला. इथे ‘समजण्यात येत आहे’ या कर्मणी प्रयोगाकडे नीट बघा. कोण समजतो आहे, कशावरून समजतो आहे, हे त्यात दडवलेलं आहे. नोकरी सोडणं ही मनातली गोष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये जी. टी. लाड यांच्या खटल्यात हे स्पष्ट केलं की नोकरी सोडली की नाही हा नेहमी इराद्याचा प्रश्न असतो, आणि तो इरादा परिस्थितीवरून काढावा लागतो. त्या खटल्यातले कामगार संपावर होते. संपावरच्या माणसाला नोकरी हवीच असते, चांगल्या अटींवर हवी असते, म्हणून तर तो संप करतो. १९९३ मध्ये डी. के. यादव यांच्या प्रकरणात स्थायी आदेशात, म्हणजे कंपनीच्या नोकरीच्या लेखी नियमांत, तरतूद होती की आठ दिवसांहून जास्त विनापरवाना गैरहजर राहिल्यास नोकरी आपोआप संपेल. तरीही न्यायालय म्हणालं की त्या माणसाचं म्हणणं ऐकल्याशिवाय त्याचं नाव कमी करता येणार नाही. आणि २०१२ मध्ये कृष्णकांत परमार यांच्या निकालात असं आलं की नुसती गैरहजेरी सिद्ध होऊन भागत नाही, ती जाणूनबुजून होती हे दाखवावं लागतं. आजारपण, अपघात, रुग्णालय अशी माणसाच्या हाताबाहेरची कारणं असतील तर तिला कर्तव्यावरच्या निष्ठेचा अभाव म्हणता येत नाही. शेवटचा निकाल सरकारी नोकराचा आहे, पण त्यातला विचार तुमच्या उत्तरात उपयोगी पडेल.

‘राजीनामा’ या शब्दाशी ताडून पाहा. फारसीत ‘राज़ी’ म्हणजे कबूल आणि ‘नामा’ म्हणजे पत्र. कबुलीचं पत्र. ज्याने असं पत्र दिलेलं नाही, उलट जो कामावर हजर व्हायला आला, त्याची कबुली कोणी तिसऱ्याने ‘समजून’ कशी घ्यायची?

माझे वडील गिरणीत होते, परळला. त्यांच्या तोंडी गैरहजेरीला एकच शब्द होता, ‘खाडा’. ‘या महिन्यात तीन खाडे झाले.’ खाडा म्हणजे हजेरीत पडलेली खोक. खाडा पडला की त्या दिवसाचा पगार कापला जायचा आणि बदलीवाल्याला काम मिळायचं, एवढाच हिशोब. शिमग्याला, गणपतीला कोकणात गेलेला माणूस आठ दिवस जास्त राहिला तर चाळीत म्हणायचे, ‘गावाला राहिला.’ लग्न असेल, लावणी असेल, घर शाकारायचं असेल. त्याला पळपुटा म्हणताना मी कोणाला ऐकलं नाही. मुकादम शिव्या द्यायचा, पण त्या खाड्याबद्दल. मला हा शब्द फार मोलाचा वाटतो, कारण तो हजेरीपुस्तकाबद्दल बोलतो आणि माणसाच्या मनाला हात लावत नाही. कागदावर आज त्याच्या जागी ‘अनधिकृत गैरहजेरी’ आहे. तोही खरं तर तितकाच कोरडा आणि प्रामाणिक शब्द आहे. तुमच्या एजन्सीने तोच वापरला असता तर मला एवढं लिहावं लागलं नसतं.

२०२० च्या मार्चमध्ये लोकल बंद झाल्या आणि अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी त्या १५ जूनला पुन्हा सुरू झाल्या. मधल्या काळात कर्जत, वसई, टिटवाळ्याला राहणाऱ्या किती जणांना कामावर पोचताच येत नव्हतं. त्यातल्या काहींना आलेल्या नोटिसा माझ्याकडे आल्या. ‘कर्तव्यापासून पळ काढला’, ‘संकटसमयी पाठ फिरवली’. त्यातल्या एका सफाई कामगार बाईंनी मला विचारलं, ‘पाठ फिरवायला आधी तिथे उभं तरी असायला लागतं ना?’ ‘पराङ्मुख’ या शब्दाची याहून चांगली फोड मी कुठल्या कोशात वाचलेली नाही. पराङ्मुख म्हणजे तोंड फिरवलेला. समोर काहीतरी दिसत असताना फिरवलेलं तोंड. जाणीव आणि निवड या दोन्ही गोष्टी त्यात हव्यात.

मग खरोखर कर्तव्य टाकून जाणारे नसतात का? असतात, आणि त्यांच्यासाठी भाषेत कडक शब्द असायलाच हवेत. अतिदक्षता कक्षात एकटीच पाळीवर असलेली परिचारिका कोणाला न सांगता घरी गेली, तर मी तिच्या बाजूने बसेन, पण ‘जरा खाडा झाला’ असं म्हणणार नाही. सैन्यात तर हा फरक जिवावरचा आहे, म्हणून तिथे तो कायद्यानेच पक्का केला आहे. १९५० च्या सेना अधिनियमात कलम ३८ सैन्यत्यागाचं आहे आणि कलम ३९ रजेविना गैरहजेरीचं. रजा संपूनही गावी राहिलेला जवान दुसऱ्यात येतो. परत न येण्याच्या किंवा ठरावीक कामगिरी टाळण्याच्या इराद्याने गेलेला पहिल्यात येतो, आणि प्रत्यक्ष मोहिमेवर असताना हे केलं तर शिक्षा मृत्यूपर्यंत जाऊ शकते. ३० दिवस उलटले तरी आधी चौकशी बसते, मग नोंद होते. म्हणजे जिथे शिस्त सगळ्यात कडक आहे तिथेसुद्धा ‘गैरहजर’ आणि ‘सोडून गेलेला’ हे दोन खण वेगळे ठेवले आहेत. गोदामाच्या नोटिशीत ते एक करून चालेल कसं?

इतिहासातलं एक वाक्य मला अशा वेळी आठवतं. १६६६ च्या जानेवारीत पन्हाळ्यावरचा छापा फसला, नेताजी पालकर वेळेवर पोचले नव्हते. सभासद बखरीत महाराजांचे शब्द येतात ते ‘समयास कैसा पावला नाहीस’ असे. सरनोबती, म्हणजे सेनापतिपद, काढून घेतली, शिक्षा कठोर झाली. पण शब्द पाहा: वेळेला पोचला नाहीस, कसा काय? घडलं ते सांगितलं आणि प्रश्न विचारला. भित्रा नाही, पळपुटा नाही.

आता तुमच्या उत्तराकडे वळते. उत्तर वडिलांच्या नावाने, साध्या मराठीत लिहा. ‘कर्तव्यच्युत नाही, कर्तव्यनिष्ठ आहे’ अशी विशेषणांची लढाई करू नका, त्यात तुम्ही त्यांच्याच मैदानात खेळता. क्रियापदांनी लिहा. असं काहीतरी: ‘अमुक तारखेला पहाटे ४.३० वाजता पत्नीच्या छातीत दुखत असल्याचा फोन आला. ४.३५ वाजता मी सुपरवायझरना फोन करून कळवले. गोदामाच्या चाव्या पाळीवरील माझ्या जोडीदाराकडे सोपवल्या व त्यानंतरच जागा सोडली. पत्नी सहा दिवस रुग्णालयात दाखल होती. सातव्या दिवशी सकाळी मी कामावर हजर होण्यास आलो असता मला गेटवर अडवण्यात आले. मी नोकरी सोडलेली नाही, सोडण्याचा माझा इरादा नव्हता व नाही. मी आजही कामावर हजर होण्यास तयार आहे.’ यातलं शेवटचं वाक्य अजिबात गाळू नका. ‘फरारी’ या शब्दाला वेगळं एक वाक्य द्या: माझ्याविरुद्ध कोणताही गुन्हा वा वॉरंट नसताना हा शब्द वापरला आहे, तो मागे घ्यावा. वेळा मात्र मी अंदाजाने घातल्या आहेत, त्या वडिलांच्या फोनमधल्या नोंदीवरून तपासून घाला. एक मिनिटसुद्धा मनाने लिहू नका.

सोबत रुग्णालयाचा केसपेपर आणि डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स, त्या पहाटेच्या कॉलचा स्क्रीनशॉट, आणि जोडीदार तयार असेल तर चाव्या मिळाल्याचं त्याचं दोन ओळींचं लेखी. तो घाबरत असेल तर आग्रह करू नका, त्यालाही नोकरी आहे. चौकशीत त्याला साक्षीला बोलवता येतं. मूळ कागद कोणालाही देऊ नका. पत्र पोस्टाने, पोचपावती मिळेल अशा तऱ्हेने पाठवा, आणि एक प्रत एजन्सीच्या कार्यालयात हातोहात देऊन दुसरीवर शिक्क्यानिशी पोच घ्या. शिक्का द्यायला नकार दिला तर तारीख, वेळ आणि कोण नाही म्हणालं ते तिथेच लिहून ठेवा.

आणि वडिलांना हे वाचून दाखवा. त्यांना सांगा की त्या पहाटे त्यांनी आधी चाव्या सोपवल्या आणि मग रिक्षा शोधली, हा क्रम मला या सगळ्या हकिकतीत सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो. चौकशी बसली तर मी पहिला प्रश्न त्याच्यावरच विचारेन.